साखळीचे चार आवाज

"सर, त्या खिडकीपर्यंत जा आणि परत या," डॉक्टर म्हणाले.

मी तेहतीस वर्षं शाळेत पीटी शिकवली आहे. मला कोणी चालून दाखवायला सांगावं, याचंच आधी हसू आलं. वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्याचा तो कॉरिडॉर होता. दोन्हीकडच्या बाकांवर मांडीवर फाइली घेतलेली माणसं बसली होती. मी सावधान झालो, छाती काढली, डावा पाय पुढे टाकला आणि खिडकीपर्यंत जाऊन आलो. मनातल्या मनात स्वतःला दहापैकी नऊ मार्कही दिले.

डॉक्टर माझ्या पायांकडे पाहतच नव्हते. "तुमचा डावा हात हलत नाही," ते म्हणाले.

मी खाली पाहिलं. डावा हात कोपरात थोडा वाकून पोटाशी तसाच धरलेला होता. हजारो पोरांवर "हात खांद्यापर्यंत!" म्हणून ओरडलेल्या माणसाचा स्वतःचा हात चालताना झोपून गेला होता आणि त्याला पत्ता नव्हता. माझी बायको सुलोचना शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "घरी बी तसाच धरतेत, डॉक्टरसाहेब. मले वाटलं शाळेचीच काही सवय असन."

मग अंगठा आणि तर्जनीची भराभर उघडझाप करायला लावली, मनगट धरून फिरवलं, कागदावर नाव-गाव लिहायला सांगितलं. "तळेगाव (श्यामजी पंत), ता. आष्टी" लिहिता लिहिता माझं अक्षर शेवटी मुंगीएवढं झालं. याला मायक्रोग्राफिया म्हणतात, म्हणजे अक्षर आपोआप बारीक होत जाणं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि आजाराचं नाव सांगितलं. पार्किन्सन्स डिसीज. मेंदूच्या एका भागात डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि हालचालीचा हुकूम हातापायांपर्यंत नीट पोचत नाही. मराठीत कंपवात म्हणतात. दुसरं काही नाही ना, एवढं पाहायला नंतर एमआरआयही काढला.

"पण मला कंप कुठे आहे?" मी वाद घातला.

"सगळ्यांना नसतो. तुमचा कडकपणाचा आहे," ते म्हणाले. "बरा होणार नाही, सर. पण सांभाळता येतो, आणि पुष्कळ वर्षं सांभाळता येतो."

बाहेर येऊन आम्ही दोघं बाकावर बसलो. सुलोचनाने डब्यातली पोळी-भाजी काढली. कोणीच खाल्लं नाही.

हे सगळं मी लिहितोय ते तुमच्यासाठी, ज्यांच्या घरात असाच एखादा हात हलेनासा झाला असेल. आधी आमच्या चुका सांगतो, म्हणजे तुमच्या वाचतील.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी माझा डावा खांदा दुखायला लागला. मी म्हटलं, गोळाफेक शिकवताना कधीतरी लचकला असेल. तेल चोळलं, शेकलं. डाव्या चपलेचा पुढचा भाग उजवीच्या दुप्पट झिजायचा. चांभाराला मी रबर वाईट म्हणून बोल लावला. सगळ्यात गंमत चेहऱ्याची. या आजारात चेहऱ्याचे स्नायू कमी हलतात. मास्क्ड फेस म्हणतात, म्हणजे मुखवटा घातल्यासारखा चेहरा. दुसऱ्या कोणाचा असा चेहरा झाला असता तर घरच्यांना काळजी वाटली असती. पण पीटीच्या मास्तरचा चेहरा तसाही दगडीच. पोरं म्हणाली, सर हल्ली जास्तच तापलेले असतात. त्या वर्षी शाळेत शिस्त फार चांगली होती.

गोळी सुरू झाली. लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत जाऊन डोपामिन होणारं औषध. पहिले काही महिने मला वाटलं, डॉक्टरांनी उगीच घाबरवलं. हात हलायला लागला, शर्टाची बटणं लागायला लागली. मी ती गोळी चांगली म्हणून दुधासोबत घ्यायचो. दुधातलं प्रोटीन गोळीच्या आड येतं हे पुढच्या खेपेला कळलं. माझ्यासाठी डॉक्टरांनी जेवणाआधी अर्धा तास आणि साध्या पाण्यासोबत, असं ठरवून दिलं. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने वेळा बदलू नका. मी बदलल्या होत्या आणि दोन दिवस खाटेवरून उठता आलं नव्हतं.

दोन वर्षं अशी बरी गेली. मग पाय थांबायला लागले.

फ्रीझिंग ऑफ गेट असं त्याचं नाव. गेट म्हणजे चाल. चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे जागीच थांबतात. दुखत काही नाही. ताकदही असते. बसल्या बसल्या मी लाथ मारून खुर्ची पाडू शकतो. पण उभा राहिलो, समोर दाराची चौकट आली किंवा वळायचं झालं, की पाय ऐकत नाहीत. वरचं अंग पुढे निघतं आणि पाय मागेच राहतात, म्हणून माणूस पडतो. स्वयंपाकघरातून समोरच्या खोलीत यायला मला एकदा पंधरा मिनिटं लागली. मी उंबऱ्याशी उभा आणि पलीकडे टीव्हीवर बातम्या संपून जाहिराती लागल्या, तरी मी उभाच.

लोकांना वाटतं हा माणूस विचार करत थांबलाय. विचार कसला? आत मी स्वतःवर ओरडत असतो. आगे कूच, आगे कूच. हुकूम देणारा मीच आणि न ऐकणाराही मीच. शाळेत अशा पोराला मी ग्राउंडला चार चकरा मारायला लावल्या असत्या.

एका सकाळी मी पेपर आणायला निघालो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता आहे, नागपूर-अमरावतीचा. मी अर्धा रस्ता ओलांडला आणि मधोमध पाय थांबले. डावीकडून ट्रक येत होता. मला तो दिसत होता, त्याचा हॉर्न ऐकू येत होता, त्याच्या काचेवर रंगवलेलं नाव वाचता येत होतं. फक्त हलता येत नव्हतं. गल्लीत पिठाची चक्की चालवणारी मंदा तेव्हा दुधासाठी रस्त्याशीच आली होती, ती धावत आली आणि तिने मला कमरेला धरून अक्षरशः उचलून मागे घेतलं. आम्ही दोघंही रस्त्याच्या कडेला पडलो. माझं मनगट मोडलं. तिच्या गुडघ्याचं कातडं गेलं.

मंदा माझी जुनी विद्यार्थिनी. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

त्यानंतर सुलोचनाने साखळी लावायला सुरुवात केली.

सुलोचना अंगणवाडी सेविका आहे. सकाळी दहाला जाते, दोनला येते. आमच्या समोरच्या दाराला बाहेरून जुन्या पद्धतीची लोखंडी साखळी आहे. बाहेर पडून दार ओढून घ्यायचं आणि साखळी वर कोयंड्यात अडकवायची. पाणी, गोळ्या, फोन हे सगळं ती माझ्या खुर्चीजवळ ठेवायची. मंदा अकराच्या सुमाराला खिडकीतून डोकावून जायची. व्यवस्थेत काही खोट नव्हती. पण दहा वाजता बाहेरून तो आवाज यायचा, छन्न.

चार तास. तुम्ही म्हणाल, नाहीतरी कुठे जाणार होतात? बरोबर आहे. कुठेच जाणार नव्हतो. तरी मी त्या दाराकडेच पाहत बसायचो. अंग आतून बंद आणि घर बाहेरून बंद. मुलगी पुण्याहून फोन करायची, "बाबा, काय चाललंय?" मी म्हणायचो, "सावधानमध्ये आहे." ती हसायची. तिच्यासाठीच म्हणायचो मी ते.

सुलोचनाचा मला राग यायचा आणि राग आल्याची लाजही वाटायची. आठ महिने आम्ही त्या साखळीबद्दल एक शब्द बोललो नाही.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना म्हणालो, "गोळी वाढवा."

"वाढवतो थोडी. पण या थांबण्यावर नुसत्या गोळीने भागत नाही," ते म्हणाले. "मागच्या इमारतीत दर बुधवारी आमचा एक वर्ग असतो, गाण्याचा आणि नाचाचा. तिथे जा."

मला वाटलं थट्टा करतायत. ते थट्टा करत नव्हते. आपण चालतो तेव्हा मेंदू आतल्या आत ठेका धरून असतो, तो या आजारात चुकतो. बाहेरून ठेका मिळाला तर मेंदू दुसऱ्या वाटेने पायांपर्यंत पोचतो. एक्स्टर्नल क्यू म्हणतात त्याला, म्हणजे बाहेरून मिळणारा इशारा. "सगळ्यांना सारखा उपयोग होत नाही आणि आजार काही जात नाही. पण करून पाहायला हरकत नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, मी नाचणाऱ्यातला नाही. सुलोचना म्हणाली, "तुमी नका नाचू. मी नाचतो. बुधवारी मदतनीस बाई पाहून घेईन अंगणवाडी." विषय संपला.

तळेगावहून आर्वी, आर्वीहून वर्धा, असा एसटीचा प्रवास. एसटीच्या पायऱ्या म्हणजे माझ्यासाठी परीक्षाच असते. मागचे लोक "चला काका, चला" म्हणतात आणि पाय आणखीच चिकटतात. एक विनंती करतो. थांबलेल्या माणसाला "चला चला" म्हणू नका आणि हाताला धरून ओढू तर मुळीच नका. ओढलं की फक्त वरचं अंग येतं.

वर्गाची खोली पूर्वी सामान ठेवायची असावी. एका भिंतीला आरसा, गोलात मांडलेल्या हातांच्या खुर्च्या, जमिनीवर हातभर अंतराने चिकटवलेल्या पिवळ्या पट्ट्या आणि टेबलावर एक काळा स्पीकर. आम्ही नऊ पेशंट होतो. फिजिओथेरपीच्या मॅडम माझ्या मुलीहून लहान होत्या. जुनी हिंदी गाणी लावून त्या आम्हाला बसल्या बसल्या हात वर, पाय ठोका, टाळ्या, असं करायला लावत. मी हाताची घडी घालून बसलो. माझ्यासमोर एक निवृत्त पोस्टमास्तर कापऱ्या हाताने हवेत फुलं तोडत होते. मला वाटलं, कुठे येऊन पडलो आपण.

माझ्या शेजारी अनुसयाबाई बसायच्या. गिरडच्या बाजूच्या, जन्मभर लोकांच्या वावरात कापूस वेचलेल्या. त्यांचा उजवा हात सतत हलायचा. गाणं लागलं की त्या मोठ्याने गायच्या, आणि गाण्याचे शब्द येत नसले तर स्वतःचे घालायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "गुरुजी, तुमाले इथं पहाऱ्याले ठेवलं का?" सगळे हसले. माझा चेहरा हलत नसल्यामुळे मी रागावलो की नाही हे कोणाला कळलं नाही. मी रागावलो होतो.

तिसऱ्या बुधवारी मात्र एक गोष्ट झाली. मॅडमनी मला पट्ट्यांसमोर उभं केलं आणि गाणं लावलं. एकेका ठोक्याला एकेक पट्टी ओलांडायची. डावा पाय काही वेळ अडला, मग एकदा उचलला तो उचललाच. बारा पट्ट्या. मी बारा पट्ट्या न थांबता गेलो आणि आरशात मला दिसलं की माझा डावा हात हलत होता. सुलोचना भिंतीशी बसली होती. तिने पदर तोंडाला लावला.

मॅडमना मी शाळेतल्या लेझिमबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, पुढच्या वेळी घेऊनच या." घरी माळ्यावर माझी एक जुनी लेझीम होती. लाकूड मुठीने झिजलेलं, साखळीच्या चकत्या गंजलेल्या. सुलोचनाने रॉकेलने पुसून दिली. पुढच्या बुधवारी मी वर्गाला चार आवाज शिकवले. लेझिममधला तो पहिला धडा आहे. एक खाली, दोन कमरेशी, तीन समोर, चार खांद्याशी. लेझीम एकच होती, बाकीच्यांनी रिकाम्या हातांनी केलं. पोस्टमास्तरांचा ठेका माझ्या सातवीच्या पोरांपेक्षा बरा होता. खूप दिवसांनी मी कोणालातरी "शाब्बास" म्हणालो.

मग मॅडम म्हणाल्या, "आता उभे राहून. चार आवाज आणि मग चालायचं. पट्ट्यांशिवाय. हुकूम सरांचा."

मी हुकूम दिला. एक, दोन, तीन, चार, आगे! आठही जण निघाले. कोणी डाव्याने, कोणी उजव्याने, सगळा गोंधळ, पण निघाले. मी उभाच. मी पुन्हा मोजलं, पुन्हा हुकूम दिला. डावा पाय जमिनीला शिवल्यासारखा. घामाने शर्ट ओला झाला. अनुसयाबाई खोलीच्या त्या टोकाहून वळून परत आल्या आणि माझ्यासमोर थांबल्या.

"गुरुजी, तुमी त्या मेल्या डाव्याचीच वाट काऊन पाहून राह्यले? उजवा रिकामा उभा हाय ना!"

"पहिलं पाऊल डावंच असते," मी म्हणालो.

"कोनं सांगतलं?"

तेहतीस वर्षं मीच सांगत होतो. कवायतीत पहिलं पाऊल डावं. माझा आजार डाव्या बाजूचा. सगळ्यात कमी ऐकणाऱ्या पायाला मी रोज, प्रत्येक उंबऱ्याशी, पहिला हुकूम देत होतो, आणि उजवा पाय बिचारा आपली पाळी येण्याची वाट पाहत शिस्तीत उभा होता. मॅडम पहिल्या बुधवारपासून म्हणत होत्या, "सर, कोणताही पाय चालेल." मी ते ऐकलंच नव्हतं. कोणताही पाय चालत नसतो, असं माझ्या हाडात होतं.

परतीच्या एसटीत मी आर्वीपर्यंत सुलोचनाशी बोललो नाही. अनुसयाबाईंचा राग आला होता असं मी तेव्हा म्हटलं असतं. खरं कारण मंदा होती.

मंदा सातवीत असताना प्रजासत्ताक दिनाच्या लेझीम पथकात होती. ठेका उत्तम, पण सुरुवात हटकून उजव्या पायाने. मी तिला ओरडलो, छडी मारली, शेवटी पथकातून काढलं. आठवीत पुन्हा आली, पुन्हा उजवा, पुन्हा काढलं. कार्यक्रमाच्या दिवशी ती शाळेच्या पायऱ्यांवर बसून दुसऱ्यांची लेझीम पाहत होती. त्याच मुलीने मला ट्रकसमोरून उचललं होतं. कोणत्या पायाने धावत आली, कोणी पाहिलं?

दुसऱ्या दिवसापासून मी घरात सुरू केलं. हात भिंतीला, आधी जागच्या जागी डावी-उजवीकडे डोलायचं, मग वजन डाव्यावर टाकायचं, म्हणजे उजवा मोकळा होतो. तोंडाने चार आवाज मोजायचे आणि चारच्या पुढे उजवा. पहिल्या दिवशी पाच वेळांपैकी एकदा जमलं. महिन्याभरात पाचपैकी तीनदा, कधी चारदा जमायला लागलं. तुमचं उलटं असू शकेल, तुम्हाला डावा बरा पडेल. ते तुमच्या फिजिओथेरपिस्टसमोर आणि कोणीतरी जवळ असताना शोधा.

मी सुलोचनाला उंबरा दहा वेळा ओलांडून दाखवला. ती "छान" म्हणाली. दुसऱ्या दिवशी दहाला बाहेरून आवाज आला, छन्न.

त्या दुपारी ती परत आली तेव्हा मी चपलाही काढू दिल्या नाहीत.

"मले काय ढोर समजते का, बांधून जाते ते?"

आठ महिने साठलेलं होतं, ते माझ्या या आजाराने बारीक झालेल्या आवाजात निघालं. ती तशीच दारात उभी राहिली. मला वाटलं ती भांडेल. मला तेच हवं होतं.

"त्या दिवशी तुमी रोडवर उभे होते," ती म्हणाली, "अन् मी तिकडं पोरायले खिचडी वाढून राह्यली होती. मंदी नसती तं मले कोनीतरी निरोप घेऊन आलं असतं, अन् माह्या हातात खिचडीचं वगराळं असतं. मले रोज तेच दिसते." मग म्हणाली, "साखळी लावली का मी ओट्यावर बसतो. दहा मिनिटं बसतो. जावं वाटते, पण माह्या बी पाय उचलत नाई."

मला हे माहीत नव्हतं. दाराच्या आत मी आणि दाराच्या बाहेर ती, मध्ये फळीएवढं अंतर, आणि रोज दहा मिनिटं दोघंही जागच्या जागी. मी तिला विचारलं असतं तर तिने कधीच सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं. आजार माझा आहे, असं मी धरून चाललो होतो.

तिनेच मग ठरवलं. "रविवारी मंदीच्या चक्कीपर्यंत जाजा. एकटे. मी ओट्यावर बसतो. हात लावनार नाई. जाऊन आले तं मंग पाहू."

चक्की आमच्या दारापासून सातवं घर. रोडच्या उलट्या बाजूला. रविवारी गोळी घेतल्यावर पाऊण तासाने, म्हणजे औषधाचा अंमल चांगला असतो तेव्हा, मी निघालो. डोललो, चार मोजले, उजवा पाय. उंबरा मागे पडला. दोनदा थांबलो, एकदा नळाशी आणि एकदा कुत्रं आडवं आलं तेव्हा. पण दोन्ही वेळा निघालो. मागे वळून पाहिलं नाही, वळणं मला परवडत नाही.

मंदा चक्कीत ज्वारी ओतत होती. भुवयांपर्यंत पीठ. मला एकटं पाहून तिने चक्की बंद केली.

"मंदा," मी म्हणालो, "तुले मी लेझिममधून काढलं होतं. आठवते का?"

"दोन डाव काढलं, गुरुजी," ती म्हणाली. "उजव्या पायासाठी."

"आता मी उजव्यानंच चालतो. माह्यं चुकलं होतं."

ती हसेल असं वाटलं होतं. तिने माझ्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मले वाटलं तुमी इसरून गेले असान." तिने मला पाणी दिलं आणि माझ्या बरोबर यायला निघाली. मी नको म्हणालो.

येताना पाय जड झाले होते. ओटा चढलो, दारापाशी आलो आणि थांबलो. स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर, यावेळी बाहेरच्या बाजूने. डोललो, मोजलं, उजवा नाही. पुन्हा मोजलं, डावाही नाही. मोजण्याचा आवाजही निघेना. गल्लीतल्या दोन बायका आपापल्या दारात येऊन पाहायला लागल्या. आत दहा पावलांवर माझी खुर्ची दिसत होती.

सुलोचना ओट्यावरून उठली. तिचा हात माझ्या दंडाकडे आला. तो तसाच हवेत थांबला. हात लावणार नाही, असं तिने म्हटलं होतं. तिने इकडे तिकडे पाहिलं. दाराच्या फळीला ती साखळी लोंबत होती. तिने ती मुठीत धरली आणि हलवली.

छन्न, छन्न, छन्न, छन्न.

तिला लेझीम कधी कोणी शिकवली नाही. पण लग्न होऊन या गावात आल्यापासून दर जानेवारीत ग्राउंडवरून माझे चार आवाज तिने ऐकले होते. ठेका एकदम बरोबर होता. दुसऱ्यांदा तिने चार वाजवले आणि मी उजवा पाय उंबऱ्याच्या आत टाकला. मागून डावा आला.

आत येऊन मी खुर्चीत बसलो. ती तरी साखळी वाजवतच होती. मी म्हणालो, "विश्राम." मग ती थांबली आणि दाराला टेकून रडली. मीही रडलो. माझ्या चेहऱ्यावर ते फारसं दिसत नाही, पण तिला कळतं.

डॉक्टर म्हणाले होते तेच खरं आहे. आजार गेलेला नाही, पुढेच चाललाय. कधी कधी गोळीचा अंमल लवकर उतरतो आणि मी अर्धा दिवस खाटेवर कुशी बदलण्यासाठी कोणाची तरी वाट पाहतो. असल्या दिवशी मीच सुलोचनाला म्हणतो, आज साखळी लाव. मी सांगितल्यावर लावलेल्या साखळीचा मला त्रास होत नाही, हेही मला नव्यानेच कळलं. बुधवारी वर्ध्याला जातो. गेल्या महिन्यात अनुसयाबाई आल्या नाहीत, त्यांची तब्येत बरी नाही म्हणतात. त्यांची खुर्ची कोणी हलवत नाही. त्या वर्गाचे, त्या मॅडमचे, त्या बाईच्या तोंडाळपणाचे माझ्यावर फार उपकार आहेत. अनुसयाबाईंना मी अजून हे सांगितलेलं नाही. पुढच्या वेळी सांगेन.

तुमच्या घरी कोणी असं थांबत असेल, तर त्याला ओढू नका. त्याच्याजवळ उभं राहून ठेका धरा. भांडं वाजवा, टाळी वाजवा, काहीही चालेल.

त्या रविवारनंतरचा सोमवार सांगतो आणि थांबतो. दहा वाजले. सुलोचनाने पाणी, गोळ्या, फोन ठेवला, पर्स घेतली आणि दार ओढून घेतलं. मी नेहमीसारखा आवाजाची वाट पाहत बसलो. आवाज आला नाही. ओट्यावरून तिच्या चपला खाली उतरल्या आणि गल्लीत दूर गेल्या. एकदाही न थांबता गेल्या.

त्या दिवशी मी कुठेच गेलो नाही. दार नुसतं लोटलेलं होतं, म्हणून घरात बसायला बरं वाटलं.